कुऱ्हाड कबरीत, चूल घरात

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात चिनी इतिहासकार चेन शोऊ याने दक्षिण कोरियातील लोकांविषयी दोन गोष्टी नोंदवल्या. एक, ब्योनहान-जिनहान भागात लोखंड निघते; दूरदूरचे, अगदी जपानमधील वा लोकही, ते न्यायला येतात आणि बाजारात ते नाण्यासारखे चालते. दोन, शेजारच्या माहानमधील लोक गवताने शाकारलेल्या मातीच्या घरांत राहतात. ती थडग्यांसारखी दिसतात आणि त्यांचे दार वर असते. लोखंडाने श्रीमंत, घराने मागास, असे चित्र यातून उभे राहते. मला ते अपुरे वाटते.

पहिल्या नोंदीला भक्कम आधार आहे. छांगवॉनजवळ दाहोरी येथे १९८८ मध्ये इ.स.पू. पहिल्या शतकातील एक कबर उघडली. ओकचे खोड कोरून केलेल्या शवपेटीबरोबर लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, लिहिण्याचे कुंचलेही मिळाले. पुढे गाया राज्यांच्या काळात कबरींत लोखंडाच्या पट्ट्या ओळीने मांडल्या गेल्या. हे लोखंड प्रतिष्ठेचे होते. ते राबण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी पुरले गेले.

राबणारे लोखंड मात्र सहसा हाती लागत नाही. मोडका विळा पुन्हा भट्टीत जातो, उरलेला गंजतो. म्हणून घरात लोखंड कमी सापडले, तर घर दरिद्री होते असे म्हणता येत नाही. दगडी सुऱ्या मागे पडून कापणीसाठी विळा आला, हाच त्याचा खरा माग.

आता घरात उतरू. जमीन खोदून केलेल्या या घरांत पूर्वी मधोमध उघडी आगटी असे. या काळात भिंतीलगत मातीची चूल आली, धूर बाहेर नेणारी वाट आली. साछनजवळच्या न्युक्दो बेटावर तर भिंतीच्या कडेने जाणारी धुराची नळी सापडली. पुढच्या ओन्दोल या उबदार जमिनीची ती पूर्वज. भट्टीत भाजलेली राखी भांडी कबरींत मानाने ठेवली गेली, पण चुलीवर चढली ती तांबूस, मऊ भाजणीची. त्यांवर तळाला भोके असलेले सिरू बसे, आपल्या मोदकांच्या चाळणीसारखे. त्यात धान्य वाफवले जाई.

चेन शोऊच्या नोंदीत बाहेरचा उंचवटा आहे, आतली ऊब नाही. आम्ही अभ्यासकही कालखंडाला ‘लोहयुग’ म्हणतो आणि कबरींवरून सत्ताधाऱ्यांचा इतिहास लिहितो. बाकीच्यांचा इतिहास शोधायचा, तर काजळलेल्या मडक्यापासून सुरुवात करावी लागेल.