तळटीप : ‘पाटा बसला’

पाटा : मालवाहू गाडीच्या आसावर एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. ‘पाटा बसला’ म्हणजे ती कमान सपाट झाली, मोडली असे नव्हे. पूर्वीच्या आवृत्तीतील ‘चाक निखळले’ हा खुलासा चुकीचा होता. बालाघाटजवळच्या भरवेली खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या गाड्यांचा हा प्रसंग आहे. गंमत अशी, की कमानीच्या पोलादातही साधारण एक टक्का मँगनीज असते. म्हणजे ज्या ओझ्याने पाटा बसतो, त्याचाच अंश त्याच्या अंगात!

या पट्ट्यांच्या जागी काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचे संमिश्र वापरता येते. त्याची घनता पोलादाच्या जेमतेम चौथ्या हिस्स्याइतकी, आणि ते पोलादाहून कितीतरी लवचीक. त्यामुळे किलोमागे ते हादऱ्याची ऊर्जा अधिक साठवते. १९८१च्या शेव्हरले कॉर्व्हेट मोटारीत मागची कमान अशी एकाच पट्टीची होती. अवजड गाडीत वाचलेले वजन मालासाठी मिळते, कारण कायद्याची मर्यादा एकूण वजनावर असते. दोन आसांच्या ट्रकसाठी ती २०१८मध्ये १६.२वरून १८.५ टन झाली.

तरी खाणीच्या रस्त्यावर पोलाद हटलेले नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. उडालेल्या खड्याचा ओरखडा तंतूंना बाधतो. शिवाय पोलादी कमानीतले तुटलेली एक पट्टी रस्त्याकडेच्या गॅरेजातही बदलून मिळते, संमिश्राची पट्टी मात्र अख्खीच बदलावी लागते.