यशवंतराव होळकर : माळव्याच्या शोकात्मिकेचा नायक

इंदुराहून खांडव्याच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे सिमरोलपाशी माळव्याचे पठार संपत येते. तेथून रस्ता विंध्याचा घाट उतरून चोरलच्या खोऱ्यातून नर्मदेकडे जातो. दक्षिण आणि माळवा यांना जोडणाऱ्या ज्या थोड्या घाटवाटा आहेत, त्यांपैकी सिमरोलची ही एक. आज या गावी भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण संकुल उभे आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्याच्या हाती हे घाट, त्याच्या हाती माळवा, असा हिशेब होता. या मुलखातच मराठी इतिहासातील एक पुरुष असा होऊन गेला, की ज्याच्या चरित्राला ‘शोकात्मिका’ हा शब्द सैलपणाने नव्हे, तर शास्त्रार्थाने लावता येतो. तो पुरुष म्हणजे यशवंतराव होळकर.

शास्त्रार्थाने म्हणण्याचे कारण आहे. शेवटी नायक मेला की ती शोकांतिका, अशी आपल्याकडे बरीच वर्षे समजूत होती. विनायक जनार्दन कीर्तने यांनी 1861 साली ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले, तेव्हापासून मराठी रंगभूमीने मृत्यूचा शेवट स्वीकारला खरा. पण क्षयाने झालेला मृत्यू कितीही हृदयद्रावक असला, तरी तो नायकाच्या स्वभावातून उगवलेला नसतो. अॅरिस्टॉटलने ज्याला ‘हॅमार्शिया’ म्हटले, त्या शब्दाचा मूळ संबंध नेम चुकण्याशी आहे. तो दुर्गुण नव्हे, पापही नव्हे. धनुर्धर थोर असतो, बाणही वेगाने सुटतो, फक्त लक्ष्य चुकते. पुढे शेक्सपिअरच्या अभ्यासकांनी या चुकीचे मूळ नायकाच्या स्वभावात शोधले आणि ज्या गुणाने नायक मोठा होतो, त्याच गुणाने तो कोसळतो, असा विचार रूढ झाला. खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ लिहिताना हॅम्लेट डोळ्यांपुढे ठेवला तो याच जाणिवेने.

यशवंतरावाचा जन्म 1776 चा. तो तुकोजी होळकरांचा अनौरस पुत्र होता. 1797 च्या ऑगस्टात तुकोजी वारले आणि महिन्याभरातच पुण्यात शिंद्यांच्या फौजेने छापा घालून त्यांचे औरस पुत्र मल्हारराव यांना ठार केले. काशीरावाच्या नावाने होळकरांची दौलत शिंद्यांच्या ताब्यात गेल्यासारखी झाली. यशवंतराव नागपुरास आश्रयाला गेला, तर तेथे कैद झाला. तेथून निसटून त्याने खानदेशात भिल्लांच्या साह्याने जमाव केला. मल्हाररावाच्या पश्चात जन्मलेल्या खंडेरावाचा हक्क, ही त्याची घोषणा होती. वारसाहक्क नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या वारसाहक्कासाठी शस्त्र उचलावे, यातच त्याचा मोठेपणा आहे.

त्यानंतर घाव येत गेले आणि त्यांतला एकही तो विसरला नाही. 1801 च्या एप्रिलात बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी यास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावाने उज्जैनीस शिंद्यांच्या कवायती पलटणी उधळल्या, तर ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने इंदुरापाशी त्याचा पराभव करून शहर लुटले. मल्हारराव, विठोजी आणि इंदूर यांचा जाब मागतच तो दक्षिणेत उतरला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या मैदानात त्याने शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडवला. त्या दिवशी तो स्वतः घोडदळाच्या अग्रभागी होता.

विजय पूर्ण होता. नेम मात्र तेथेच चुकला. यशवंतरावाला पेशवा हवा होता तो न्याय देण्यासाठी. त्याने बाजीरावाला परत येण्याविषयी पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. परंतु भ्यालेला बाजीराव कोकणातून वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि 31 डिसेंबर 1802 रोजी तहावर सही करून मोकळा झाला. ज्या विजयाने मराठी दौलतीतील अन्याय दूर व्हायचा, त्याच विजयाने दौलतीच्या दारात परका आणून उभा केला.

पण खरी कसोटी 1803 ची. शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. होळकरांची फौज त्यांना मिळाली असती तर निकाल काय लागला असता, हे सांगण्यात अर्थ नाही. ती मिळाली नाही, एवढे खरे. यशवंतराव माळव्यात राहिला. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात लासवारी आणि अडगाव झाले, आणि वर्ष संपण्यापूर्वी शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह पत्करला. त्याच्या बाजूने बोलायचे तर ज्या दौलतरावाने भावाला मारले आणि इंदूर लुटले, त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न खोटा नव्हता. म्हणूनच ही चूक क्षुद्र माणसाची वाटत नाही. ज्या न विसरणाऱ्या मनाने त्याला नागपूरच्या कैदेतून हडपसरपर्यंत आणले, त्याच मनाने त्याला त्या वर्षी जागच्या जागी बांधून ठेवले.

1804 मध्ये तो एकटाच उठला. ऐन पावसाळ्यात मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनची जी दाणादाण त्याने उडवली, ती इंग्रजांच्या हिंदुस्थानातील मोठ्या नामुष्कींपैकी एक होय. ऑक्टोबरात त्याने दिल्लीला वेढा घातला. परंतु नोव्हेंबरात डीग आणि पाठोपाठ फर्रुखाबाद येथे त्याचे बळ मोडले. भरतपूरच्या तटावर लॉर्ड लेकचे चार हल्ले फसले, तरी शेवटी जाटांनीही तह केला. मग तो पंजाबात रणजितसिंहाकडे गेला. सर्वांनी मिळून परक्याशी लढले पाहिजे, हे तो आता राजेरजवाड्यांना कळवळून लिहीत होता. शीख सरदारांनी विचार केला आणि अलिप्त राहण्याचे ठरवले. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतः जे केले होते, तेच आता त्याच्या वाट्याला आले. ग्रीक नाटककाराने यापेक्षा वेगळा प्रवेश लिहिला नसता. 24 डिसेंबर 1805 रोजी बियासच्या काठी तह झाला.

यानंतरचा भाग लिहिणे अवघड आहे. भानपुऱ्यात त्याने तोफा ओतण्याचा कारखाना घातला आणि भट्टीच्या आचेत तो स्वतः राबू लागला. याच काळात खंडेराव वारला, पुढे काशीरावाचा वध झाला. दोहोंचा दोष लोकांनी यशवंतरावाकडे लावला. खंडेरावाविषयीचा संशय खरा की खोटा, हे बाजूस ठेवले, तरी ज्याच्या हक्कासाठी तलवार उपसली त्याच्याच मृत्यूचा आरोप माथी यावा, हे दैव विलक्षण होय. 1808 च्या सुमारास त्याला वेड लागले. त्याला आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागे. 28 ऑक्टोबर 1811 रोजी भानपुऱ्यास त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अवघे चौतीस होते. माल्कमने या वेडाचा संबंध अतिमद्यपान आणि अतिश्रम यांच्याशी जोडला आहे. पण माल्कम हा प्रतिपक्षाचा माणूस. भट्टीपाशी राबणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय जळत होते, हे त्याला कळण्याचे कारण नव्हते.

मराठी साहित्याने या नायकाची दखल उशिरा घेतली. पेशवाईच्या इतिहासात तो पुणे लुटणारा बंडखोर म्हणूनच दीर्घकाळ वावरला. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’ या कादंबरीत त्याला मध्यभागी आणले, तेव्हा अनेक वाचकांना प्रथमच त्याची बाजू कळली. नाटककारांना मात्र बाजीराव आणि राघोबा जितके भुरळ घालतात, तितका यशवंतराव घालत नाही. कदाचित माळवा पुण्यापासून फार दूर पडतो.

पुढच्या अंकाला नायक उरला नव्हता. 20 डिसेंबर 1817 रोजी महिदपुरापाशी तुळसाबाईंचा त्यांच्याच छावणीतील लोकांनी शिरच्छेद केला, आणि दुसऱ्या दिवशी अल्पवयीन मल्हाररावाच्या नावाने लढणारी होळकरांची फौज मोडली. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला. राजधानी इंदुरास आली आणि सिमरोलहून फारशी दूर नसलेल्या महू येथे इंग्रजांची छावणी पडली.