हमीपत्रावरची सही

३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबई बंदरातून निघाले, तेव्हा त्यांच्याकडे व्हिसा नव्हता. त्या काळी तो लागतच नसे. अडचण आली ती शिकागोला पोचल्यावर. सर्वधर्म परिषदेत बोलायचे तर कुठल्यातरी संस्थेची शिफारस हवी होती आणि ती त्यांच्यापाशी नव्हती. बोस्टनजवळ केट सॅनबॉर्न या लेखिकेने त्यांना आपल्या शेतघरी ठेवून घेतले. तिच्यामुळे ओळख झालेल्या हार्वर्डच्या जॉन हेन्री राइट या प्राध्यापकांनी परिषदेकडे एक पत्र धाडले आणि मार्ग मोकळा झाला. ओळख, घर आणि शब्द टाकणारा माणूस एवढ्यावर त्या पिढीचे निभावले.

पुढच्या पिढीला एवढे पुरेना. १९१७च्या कायद्याने अमेरिकेने जवळजवळ सगळ्या आशियाला स्थलांतराची बंदी घातली. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारले. थिंद अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले होते आणि पुढे आयुष्यभर तिथेच अध्यात्मावर व्याख्याने देत फिरले, तरी कायद्याच्या लेखी ते ‘गोरे’ नव्हते. १९४६ साली भारतीयांसाठी दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर माणसांपुरते. परदेशी राहू पाहणाऱ्या गुरूला तेव्हापासून शिष्यांच्या भक्तीइतकीच कुणाच्या तरी सहीचीही गरज पडू लागली. त्याच्या खर्चाची जबाबदारी मी घेतो, सरकारवर त्याचा भार पडणार नाही, असे लिहून देणारी सही. पंथांच्या इतिहासात या सहीला फारशी जागा मिळत नाही. ती मिळायला हवी, हे पटायला ए. सी. भक्तिवेदांत स्वामी यांचे उदाहरण पुरेसे आहे. पुढे प्रभुपाद म्हणून जगभर ओळखले गेले ते हेच.

१९६५ साली ते वृंदावनात राहत होते. वयाची ६८ वर्षे पूर्ण झालेली, जवळ पैसा नाही, पाठीशी संस्था नाही. मथुरेच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यापाशी त्यांनी अमेरिकेला जाण्याची इच्छा बोलून दाखवली होती. व्यापाऱ्याचा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात इंजिनियर होता. वडिलांनी त्याला कळवले आणि मुलाने स्वामींना न पाहताच महिनाभराच्या मुक्कामाचे हमीपत्र धाडून दिले. हा तरुण त्यांचा शिष्य नव्हता आणि पुढेही त्याने संसार सोडला नाही. वडिलांचा शब्द मोडायचा नाही, एवढ्याच संस्कारावर त्याने एका अनोळखी संन्याशाचा खर्च अंगावर घेतला. मला या साऱ्या हकिगतीत हीच गोष्ट सर्वांत थोर वाटते.

दुसरी मदत मुंबईची. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये उभ्या केलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची धुरा तेव्हा नरोत्तमशेठांच्या सूनबाई सुमती मोरारजी यांच्या हाती होती. स्वामींच्या भागवताच्या छपाईला त्यांनी आधीच हातभार लावला होता. अमेरिकेचे तिकीट मागायला स्वामी आले तेव्हा मात्र त्या कचरल्या. हे वय, तिकडची थंडी, परका मुलूख. तिथे तुम्हाला काही झाले तर, ही त्यांची धास्ती खरी होती. स्वामी मागे हटेनात. शेवटी सुमतीबाईंनी मालवाहू ‘जलदूत’वर स्वामींची मोफत सोय केली आणि त्यांच्या कचेरीतल्या माणसांनी कागदपत्रे जुळवून दिली. परकीय चलन जपून वापरण्याचे ते दिवस होते. पासपोर्ट आणि व्हिसा हातात असला, तरी परदेशप्रवासाच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याखेरीज बोटीवर पाय ठेवता येत नसे.

१३ ऑगस्ट १९६५ रोजी जलदूत कोलकात्याहून सुटली. वाटेत स्वामींना हृदयविकाराचे दोन झटके आले. त्यांच्या खिशात चाळीस रुपये होते, ते अमेरिकेत चालणारे नव्हते. कप्तान अरुण पंड्या यांनी भागवताचा एक संच वीस डॉलरना विकत घेतला, तेवढीच काय ती त्यांची गंगाजळी. १७ सप्टेंबरला बोट बोस्टनला लागली. किती दिवस राहणार, असे अधिकाऱ्याने विचारले. हमी महिनाभराची होती. स्वामींनी मनाशी हिशेब केला, अजून एक महिना कसाबसा काढता येईल, आणि दोन महिने असे सांगून टाकले. तेवढीच मुदत मिळाली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागली.

बटलरमधले घर लहान होते. म्हणून इंजिनियरने त्यांची झोपण्याची सोय वायएमसीएच्या वसतिगृहात केली. दिवसा स्वामी घरी येऊन स्वतःचा शाकाहारी स्वयंपाक करत. इंजिनियरची अमेरिकन पत्नी तान्ह्या बाळाचे सगळे सांभाळून त्यांचे आनंदाने करत असे. स्वामी बटलरमध्ये असतानाच, ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देशवार कोटा मोडीत काढणाऱ्या कायद्यावर सही केली. तो पुरता अमलात यायला मात्र १ जुलै १९६८ उजाडायचा होता.

बटलरहून स्वामी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांना खरे, तरुण अनुयायी भेटले. सेकंड अॅव्हेन्यूवरच्या एका छोट्या दुकानाच्या जागेत कीर्तन सुरू झाले आणि जुलै १९६६ मध्ये स्वामींच्या संस्थेची नोंदणी झाली. धर्मोपदेशकासाठी स्थलांतराच्या कायद्यात वेगळी वाट होती. पण त्याला बोलावणारी खरीखुरी धर्मसंस्था त्या देशात असावी लागे, म्हणून नोंदणीचा तो कागद मोलाचा होता. हे तरुण बहुतेक कफल्लक. त्यांच्यातला एक शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरीला होता, तो आपला पगार आणून देई. कवी अॅलन गिन्सबर्ग यांनी हार्मोनियम दिली आणि व्हिसाच्या खटपटीलाही हात दिला. १९६७ मध्ये स्वामींना पक्षाघाताचा झटका आला आणि ते भारतात परतले. आता परतीचीच पंचाईत झाली. वृंदावनातून ते शिष्यांना पत्रांमागून पत्रे लिहीत होते: कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचे बघा. डिसेंबरात ते पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोला पोचले, पण तात्पुरत्या व्हिसावरच.

तोडगा निघाला तो कॅनडातून. १९६८च्या उन्हाळ्यात शिष्यांनी त्यांना मॉन्ट्रियलला ठेवले आणि तिथल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासामार्फत प्रकरण पुढे नेले. वैद्यकीय तपासणी, कागद, हेलपाटे, सगळे झाले आणि उन्हाळा सरता सरता परवाना हाती पडला. अमेरिकेत पाऊल ठेवून तोवर तीन वर्षे होत आली होती.

पगार आणून देणारा तो तरुण म्हणजे सत्स्वरूपदास गोस्वामी. १९८० पासून त्याने गुरूचे सहा खंडी चरित्र प्रसिद्ध केले. बटलरच्या दांपत्याला, सिंदियाच्या माणसांना आणि कप्तान पंड्यांना त्यात पानेच्या पाने मिळाली आहेत. त्यांच्यातले कुणीच स्वामींच्या संस्थेचे संन्यासी नव्हते. चरित्रकाराने तरीही त्यांच्या आठवणी जमवल्या, म्हणूनच त्या हमीपत्राची हकिगत आज सांगता येते.