फेरफार: कलमापासून आज्ञावलीपर्यंत
1951 साली मालगुजारी संपली, तरी कुहीसारख्या भागात जमिनीची खरी सत्ता पटवाऱ्याच्या (विदर्भात तलाठ्यालाही पटवारीच म्हणतात) दप्तरात राहिली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, कलम 150 मध्ये, त्या दप्तराला रीत घालून दिली: फेरफाराची नोंद, चावडीवर प्रत, हितसंबंधितांना नोटीस, हरकत आल्यास वेगळी नोंदवही, शेवटी प्रमाणन. ई-फेरफार प्रणालीने हाच क्रम आज्ञावलीत बांधला. 1 मे 2018 पासून सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरीही आली. मनमानीला त्यामुळे आळा बसला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र संगणक मुदत मोजतो. नोटीस कुणी वाचली, हे त्याला कळत नाही. गोसीखुर्दच्या जलाशयापायी या तालुक्यातली गावे उठली. प्रत वाचायला माणूस गावातच असेल, हे संहितेचे गृहीतक. तेच आज्ञावलीत जसेच्या तसे उतरले.