घंटीची आंधळी कोशिंबीर

आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांवर रुमाल असतो आणि बाकीचे त्याला टपल्या मारून पळतात. घंटीच्या खेळात हे सगळे उलटे होते. डोळे सगळ्यांचे बांधलेले. उघडे फक्त एकाचे, आणि त्याच्या हातात घंटी. ती त्याने एकसारखी वाजवत राहायची आणि तरीही हाती लागायचे नाही.

मूळ खेळ फार जुना. ग्रीक मुले त्याला ‘काशाची माशी’ म्हणत. दुसऱ्या शतकातल्या पोलक्स या कोशकाराने त्याची नोंद केली आहे. बंगालीत तो ‘कानामाछी’ म्हणजे आंधळी माशी, इटालियनमध्येही आंधळी माशीच. जर्मनांनी माशीची गाय केली, स्पॅनिश लोकांनी कोंबडी. मराठीने प्राणी सोडून थेट पानाची डावी बाजू गाठली.

घंटीचा प्रकार इंग्लंडमधल्या गावजत्रांत रुजलेला होता. जोसेफ स्ट्रटने 1801 साली इंग्रजांच्या खेळांवर पुस्तक लिहिले, त्यात तो सापडतो. दोरांनी आखलेले मोठे रिंगण, आत नऊ-दहा जण, एक सोडून सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल. तो एक चपळ गडी दोन्ही हातांत घंट्या घेऊन वीस मिनिटे, कधी अर्धा तास, पळत राही. तेवढा वेळ निसटला तर बक्षीस त्याचे, नाहीतर पकडणाऱ्याचे. गंमत पाहणाऱ्यांची होती: आंधळे एकमेकांवरच आदळत.

सीताबर्डीत, म्हणजे नागपूरकरांच्या बर्डीत, घरच्या वाढदिवसाला हा खेळ मांडायचा तर पहिला प्रश्न घंटीचा. देवघरात ती असते, पितळी, मुठीवर गरुड किंवा नंदी. पण पूजेची घंटी पोरांच्या हाती द्यायला आजी राजी नसते. विदर्भात मात्र दुसरी सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मिळवतात. ही रीत दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केली असे मानले जाते. त्या नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ मग वर्षभर पडून असते. खेळाला ती घंटीपेक्षा बरी. घंटीचा लोलक बोटाने दाबून चोरपावलांनी सटकता येते. मनगटाला बांधलेले घुंगरू दर पावलाला बोलतात. इंग्लंडातही काही ठिकाणी गुडघ्याकोपरांना घंट्या बांधत.

दुसरी अडचण आवाजाची. मेन रोडचे हॉर्न आत येत असतील तर खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आवाज दोन्ही कानांवर किंचित वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जोराने पडतो; दिशा कळते ती त्या फरकावरून. घंटी नेमकी समोर किंवा पाठीमागे असली की हा फरकच उरत नाही, म्हणून मुरलेला खेळाडू सारखी मान फिरवतो. नवखा हात पसरून धावतो आणि दिवाणाला धडकतो.

कानांनी खेळायचा आणखी एक खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी ऑस्ट्रियाचा हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचा सेप राइंडल यांनी 1946 साली घंटी चेंडूत घातली. तो गोलबॉल. चेंडू सव्वा किलोचा, प्रत्येक बाजूला तीन खेळाडू, सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. 1976 च्या टोरोंटो पॅरालिम्पिकपासून त्याला पदके आहेत. चेंडू खेळात असेतोवर प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते. टाळ्या गोल झाल्यावर.