ऱ्हेनियमचा शोध : दावा आणि प्रमाण

प्रस्तावना :
एखाद्या मूलद्रव्याचा शोध लागला असे नेमके केव्हा म्हणावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे. अणुक्रमांक ७५ असलेल्या ऱ्हेनियम या धातूचा इतिहास त्या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

पार्श्वभूमी :
मेंडेलीव्ह यांच्या आवर्त सारणीत मँगनीजच्या खालील दोन जागा रिक्त होत्या. १९०८ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ मासाताका ओगावा यांनी थोरियानाइट या खनिजातून नवे मूलद्रव्य मिळाल्याचे जाहीर केले. त्याला त्यांनी ‘निपोनियम’ हे नाव दिले व त्याचा अणुभार सुमारे १०० मानून त्यास पहिल्या रिक्त जागी बसविले. इतरांना मात्र हे मूलद्रव्य मिळाले नाही व दावा मागे पडला. क्ष-किरण वर्णपटावरून अणुक्रमांक ठरविण्याची मोज्ली यांची पद्धत १९१३ मधील. म्हणजे ओगावा यांच्या दाव्यानंतरची होय. पुढे केंजी योशिहारा यांनी जुन्या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा ओगावा यांच्या हाती ४३ नव्हे, तर ७५ क्रमांकाचे मूलद्रव्य आले होते, असा निष्कर्ष निघाला.

१९२५ चा शोध :
जर्मनीत वॉल्टर नोडॅक, इडा टाके व ऑटो बर्ग यांनी १९२५ मध्ये क्ष-किरण वर्णपटाच्या आधारे ४३ व ७५ ही दोन्ही मूलद्रव्ये सापडल्याचे घोषित केले. ७५ व्या मूलद्रव्यास ऱ्हाईन नदीच्या लॅटिन नावावरून ‘ऱ्हेनियम’, तर ४३ व्यास ‘मसुरियम’ हे नाव देण्यात आले. १९२८ मध्ये ६६० किलोग्रॅम मॉलिब्डेनाइटपासून सुमारे १ ग्रॅम ऱ्हेनियम वेगळे करण्यात आले आणि शंकेला जागा उरली नाही. मसुरियमचा नमुना मात्र कधीच मिळू शकला नाही. ४३ व्या मूलद्रव्याचा शोध पेरिए व सेग्रे यांनी १९३७ मध्ये लावला; तेच आजचे टेक्निशियम होय.

गुणधर्म व उपयोग :
पृथ्वीच्या कवचात ऱ्हेनियमचे प्रमाण अब्जात सुमारे एक भाग इतके अल्प असून ते प्रामुख्याने मॉलिब्डेनाइटमध्ये विखुरलेले आढळते. त्यामुळेच ते दीर्घकाळ अज्ञात राहिले. त्याची घनता सुमारे २१ ग्रॅम प्रति घन सेंमी. असून द्रवणांक सुमारे ३,१८० अंश सेल्सिअस आहे. धातूंमध्ये याहून अधिक द्रवणांक केवळ टंगस्टनचा आहे. जेट इंजिनांच्या टर्बाइन पात्यांसाठीच्या निकेल मिश्रधातूंत, उच्च ऑक्टेन पेट्रोलसाठीच्या प्लॅटिनम-ऱ्हेनियम उत्प्रेरकांत आणि उच्च तापमान मोजणाऱ्या तापयुग्मांत त्याचा उपयोग होतो. ऱ्हेनियम-१८७ या समस्थानिकाचे ऑस्मियम-१८७ मध्ये रूपांतर होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४,१६० कोटी वर्षे असल्याने खनिजांचे व उल्कांचे वय ठरविण्यास ते साहाय्यभूत होते.

निष्कर्ष :
ओगावा यांच्याकडे पदार्थ होता, परंतु त्याची ओळख पटविणारी पद्धत नव्हती. मसुरियमबाबत पद्धत उपलब्ध होती, परंतु पदार्थ हाती आला नाही. ऱ्हेनियमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. शोधाचे श्रेय केवळ प्रथम दाव्यावर नव्हे, तर इतरांना पडताळता येईल अशा प्रमाणावर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट होते. त्याचबरोबर, अमान्य ठरलेला दावा अभ्यासाच्या दृष्टीने निरर्थक मानू नये, हेही ओगावा यांच्या उदाहरणातून दिसून येते.