तेरणेकाठची काळी आणि पांढरी

नकाशावर तेरणा नदी शोधावयाची तर बारीक नजर हवी. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत, तेरखेड्याजवळ ती उगम पावते. तेर गावाला लागून वाहते. माकणीजवळ एका विस्तीर्ण जलाशयात विसावते आणि पुढे मांजरेला मिळून गोदावरीच्या परिवारात सामील होते. उन्हाळ्यात तिचे पात्र पाहिले तर ही नदी की ओढा, असा प्रश्न पडावा. परंतु तेरपासून माकणीपर्यंत तिच्या काठाने हिंडताना दोन हजार वर्षांचा इतिहास भेटतो. तो राजेरजवाड्यांचा नव्हे. तो मातीचा आणि त्या मातीत घर करून राहणाऱ्या माणसांचा आहे.

आपल्याकडे गावची जमीन दोन शब्दांत सांगतात : काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरी वसते. शेतीची ती काळी. आणि ज्या टेकाडावर पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली ती पांढरी. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, गाईगुरांचे शेण हे सारे शतकानुशतके एकत्र मुरले म्हणजे मातीचा रंग असा पांढुरका होतो. तेरणेकाठचा सारा इतिहास मला ह्या दोन शब्दांत साठवलेला दिसतो.

तेरची पांढरी फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे शहर असल्याचा उल्लेख येतो. साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल तेथून गाड्यांत भरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर कोठले, ह्याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले. अखेर १९०१ साली फ्लीट ह्यांनी ते म्हणजे आपले तेर, असा निर्णय दिला. पुढे १९५८ साली चापेकरांनी येथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष जमिनीतून वर आले. काळी पिकवीत होती म्हणून पांढरी एवढी भरभराटली, हे उघडच आहे.

ह्या पांढरीचे ऋण खरे ओळखले ते गावच्याच एका गृहस्थाने. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी टेकाडांतून सापडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. येथे सापडलेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेरच्या बाहुलीची बहीण त्या राखेत जवळजवळ एकोणीस शतके पडून होती, हे वाचले की जग किती लहान होते ह्याचा अचंबा वाटतो.

पण मला त्या संग्रहालयात सर्वांत अधिक विचारात पाडले ते एका विटेने. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की त्या पाण्यावर तरंगतात. चिखलात भाताचे तूस कालवून वीट पाडावयाची. भट्टीत तूस जळून जाई आणि विटेत असंख्य बारीक पोकळ्या राहत. गावातील त्रिविक्रमाचे मंदिर पाहिले म्हणजे विटेची ही विद्या किती पुढे गेली होती ते कळते. मुळात हे एक विटांचे चैत्यगृह. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार, वर तसेच कमानदार छप्पर. पुढे त्यात विष्णूची स्थापना झाली. शतकांमागून शतके लोटली, धर्म बदलले, पूजा बदलली. छप्पर मात्र आपल्या जागी आहे.

ह्याच तेरमध्ये तेराव्या शतकात गोरोबाकाका होऊन गेले. त्यांची कथा घरोघरी ठाऊक आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईने विचारले, ह्यांत कच्चे मडके कोणते? तेव्हा काकांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. नामदेव कच्चे ठरले. कुंभार मडके वरून पाहून विकत घेत नाही. तो वाजवून पाहतो. नदीकाठच्या मातीने शिकवलेली ही परीक्षा आहे.

तेरहून नदीच्या ओघाने खाली गेले की लोहारा तालुक्यात माकणी लागते. येथे तेरणेवर मातीचा लांबलचक बांध घालून जलाशय केला आहे. निम्न तेरणा प्रकल्प हे त्याचे सरकारी नाव. पावसाळा चांगला झाला तर दिवाळीच्या सुमारास त्याचे रूप पाहावे. उताराउताराची काळी शिवारे पाण्याच्या काठापर्यंत येतात. उथळ पाण्यात बगळे एका पायावर ध्यान लावून उभे असतात, वाळलेल्या बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसतात, आणि माणसाची चाहूल लागताच टिटवी आकाश डोक्यावर घेते. ज्या जिल्ह्याने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोट भरले, त्याला एवढे पाणी म्हणजे केवढे ऐश्वर्य !

परंतु ह्या काठावर उभे राहिले की दुसरी आठवणही येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, येथून जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरवरच्या किल्लारीला केंद्र धरून भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील पन्नासच्या सुमारास गावे भुईसपाट झाली. सास्तूर, होळी ही तेरणेकाठच्या टापूतली गावे त्यांतलीच. हजारो माणसे झोपेतच गेली.

लोकांचा पहिला संशय धरणावर गेला आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्र विसरला नव्हता. काही शास्त्रज्ञांनी माकणीच्या पाण्याचा हात असावा असे म्हटले. इतरांनी ते मानले नाही, जलाशय उथळ आहे आणि जमिनीखालची भेग फार पुरातन आहे असे दाखवले. किल्लारीला पुढे विंधन घेतले तेव्हा सुमारे ३४० मीटर काळ्या कातळाखाली ग्रॅनाइटचा थर लागला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. मात्र एका गोष्टीविषयी वाद नाही : माणसे मारली ती घरांनी.

तेथील घर म्हणजे हात-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या सांध्यांत नुसता चिखल, आणि वर माळवद. माळवदावर पाणी गळू नये म्हणून पांढरीची माती. एका नव्या गावठाणात एका वृद्ध शेतकऱ्याशी बोलत बसलो होतो. मी विचारले, “बाबा, माळवदावर मातीचा थर केवढा असायचा?” ते म्हणाले, “मिरगाच्या आधी दर साली पाट्या चढायच्या, गुरुजी. माझ्या बापानं टाकली, त्याच्या बापानं टाकली. टाकायची सगळ्यांना ठावं होती. जुनी काढायची, ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

पिढ्यान्‌पिढ्या साठलेले हे ओझे त्या पहाटे एका क्षणात खाली आले. गोरोबाकाकांचे थापटणे जणू गावांवर फिरले. तेवढ्यातही काही घरांनी माणसे वाचवली. ज्या घरांत लाकडी खांब आणि तुळया पक्क्या सांधलेल्या होत्या, ज्याला तिकडे खणाचे घर म्हणतात, तेथे भिंती ढासळल्या तरी पुष्कळ ठिकाणी खणांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे वाचण्याची विद्या त्याच घरात होती. परंतु पाहणार कोण? भ्यालेल्या लोकांनी दगड, माती, लाकूड तिन्ही एकदम वर्ज्य केली. नवी गावे सिमेंटच्या ठोकळ्यांची, सरळ रस्त्यांची, ऐसपैस झाली. माणसे सुरक्षित झाली हे खरेच. पण कित्येकांची काळी दूर राहिली, आणि जुन्या पांढरीवर आता वेड्या बाभळी माजल्या आहेत.

मला वाटते, गुन्हा मातीचा नव्हता. त्याच खोऱ्यात एका कारागिराने विटेतले वजन जाळून काढले. आणि त्याच खोऱ्यात पुढे माणसांनी, मुलाबाळांवर पाऊस गळू नये एवढ्याच मायेने, त्यांच्या डोक्यावर दरवर्षी वजन चढवले. वजन उतरवायला विद्या लागते. ते चढायला काळजी आणि सवय एवढे पुरते.

दिवाळीच्या आधी आपण घरे झाडतो, भिंती रंगवतो. तुमचे गावाकडचे घर माळवदाचे असेल तर यंदा शिडी लावून वरही जा. मातीचा थर किती चढला आहे ते पाहा, तुळया कशा सांधल्या आहेत ते पाहा, आणि जाणत्या गवंड्याला दाखवा. जास्तीची माती खाली उतरवून शेतात पसरलीत तर पीकही चांगले येईल. पांढरीची माती खत म्हणून काळीत टाकण्याचा रिवाज आपल्याकडे जुनाच आहे.